चालणे थांबले, म्हणून गोळीही थांबवायची?

मुलगा चालायचा थांबला की बऱ्याच घरांतली स्टिरॉइडची गोळीही थांबते. कुणी बसून ठरवतो असे नाही. पाचव्या-सहाव्या वर्षी गोळी सुरू होते तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेले असते, ‘याने मुलगा आणखी दोन-तीन वर्षे पायांवर राहील.’ ती वर्षे संपतात. मुलगा व्हीलचेअरवर येतो, गाल फुगलेले असतात, वजन वाढलेले असते, उंची खुंटलेली असते. आजी म्हणते, ‘चालायसाठीच होती ना गोळी? मग आता कशाला त्याचं अंग सुजवता?’ या प्रश्नाला घरात कुणाकडे उत्तर नसते. पुष्कळदा दवाखान्यातही नसते.

उत्तर आहे, आणि ते आजीच्या अंदाजापेक्षा वेगळे आहे. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आजारात चालणे थांबल्यानंतरही स्टिरॉइड चालू ठेवावे, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय उपचार मार्गदर्शिकेने २०१० मध्ये केली आणि २०१८ च्या सुधारित आवृत्तीतही कायम ठेवली. ही शिफारस तालुक्याच्या गावापर्यंत फारशी पोहोचलेली नाही.

आजार थोडक्यात असा. स्नायूंच्या पेशींना आतून आधार देणारे डिस्ट्रॉफिन नावाचे प्रथिन असते. त्याचा जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि माणसाच्या सर्वात मोठ्या जनुकांपैकी एक आहे. त्यात बिघाड झाला की प्रथिन तयार होत नाही आणि प्रत्येक हालचालीबरोबर स्नायू थोडा थोडा फाटत जातो. फाटलेल्या जागी आधी सूज येते, मग चरबी आणि चिवट तंतू भरतात. मुलग्यांना एकच एक्स गुणसूत्र असल्याने आजार प्रामुख्याने त्यांनाच होतो. तीन-चार वर्षांचा मुलगा वारंवार पडतो, जिना चढताना कठड्याला धरतो, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत उभा राहतो. पोटऱ्या मात्र भरदार दिसतात, त्यामुळे घरच्यांना तो दणकट वाटतो. उपचार नसतील तर बाराव्या वर्षाच्या आसपास चालणे थांबते. पुढे हात, पाठीचा कणा, श्वासाचे स्नायू आणि हृदय यांची पाळी येते.

दर साधारण चार-पाच हजार मुलग्यांमागे एकाला हा आजार होतो. आकडा लहान वाटतो, म्हणून तो निफाड तालुक्याला लावून पाहावा. तालुक्याची लोकसंख्या सुमारे पाच लाख. राज्याचा जन्मदर हजारी पंधराच्या आसपास धरला तर वर्षाला सात-साडेसात हजार बाळे, त्यांतले निम्म्याहून थोडे जास्त मुलगे. म्हणजे पिंपळगाव, लासलगाव, ओझर, सायखेडा, विंचूर आणि भोवतालच्या वस्त्या मिळून वर्षाला जवळपास एक मुलगा हा आजार घेऊन जन्मतो. ही मोजणी नव्हे, हिशेब आहे. पण या हिशेबाने कोणत्याही वेळी एका तालुक्यात पंधरा-वीस मुलगे आणि तरुण असणार, आणि त्यांतले निम्मे तरी चालू न शकणारे. ते दिसत नाहीत, कारण मळ्यातल्या घरातून बाहेर पडायला त्यांना रस्ता नाही.

स्टिरॉइड मूळ दोष दुरुस्त करत नाही. स्नायूतली सूज कमी करून ते झीज लांबवते. १९८९ मध्ये अमेरिकेतील जेरी मेंडेल आणि सहकाऱ्यांनी १०३ मुलांवर सहा महिन्यांची तुलनात्मक चाचणी करून प्रेडनिसोनचा गुण सिद्ध केला. तेव्हापासून हे औषध या आजाराच्या उपचाराचा पाया आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच देशांतील १९६ मुलांच्या चाचणीत रोज गोळी देणे हे दहा दिवस देऊन दहा दिवस बंद ठेवण्यापेक्षा सरस ठरले. रोजचे प्रेडनिसोन आणि रोजचे डेफ्लाझाकॉर्ट यांच्या गुणात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही.

या चाचणीतली मुले चार ते सात वर्षांची, म्हणजे चालणारी होती. अडचण नेमकी इथे आहे. गेली तीस-पस्तीस वर्षे या आजारात औषधाचा गुण मुख्यतः पायांनी मोजला गेला: सहा मिनिटांत किती मीटर, दहा मीटरला किती सेकंद, जमिनीवरून उठायला किती वेळ. जो मुलगा या परीक्षेला बसूच शकत नाही तो चाचणीबाहेर राहिला. हातांची शक्ती मोजणाऱ्या पद्धती बऱ्याच उशिरा तयार झाल्या. औषध फक्त चालण्यासाठी आहे हा समज घरात शिरला, त्याचे मूळ संशोधनाच्या या सवयीत आहे. आजीचा त्यात दोष नाही.

व्हीलचेअरवरच्या मुलांसाठीचा पुरावा दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या निरीक्षणांतून येतो. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २ ते २८ वर्षे वयाच्या ४४० जणांचा दहा वर्षांपर्यंत मागोवा घेतला होता. ज्यांनी एक वर्ष किंवा अधिक काळ स्टिरॉइड घेतले त्यांची चालण्या-उठण्याची क्षमता २.१ ते ४.४ वर्षे जास्त टिकली. हातांची क्षमता २.८ ते ८ वर्षे जास्त टिकली. हातांना झालेला फायदा पायांपेक्षा मोठा आहे, हे या अभ्यासातले सर्वात महत्त्वाचे वाक्य, आणि ते सर्वात कमी सांगितले जाते. मृत्यूंची तुलनाही बोलकी आहे. स्टिरॉइड कधीच न घेतलेल्या ५८ जणांपैकी ११ दगावले, तर वर्षभर किंवा अधिक घेतलेल्या ३११ जणांपैकी २८.

या आकड्यांना एक मर्यादा आहे. औषध कुणाला द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते. ज्यांना स्टिरॉइड मिळाले त्यांना इतर देखभालही चांगली मिळाली असेल, ही शंका उरते. चालणे थांबलेल्या मुलांचे दोन गट करून, एकाला गोळी आणि एकाला नाही, अशी मोठी चाचणी झालेली नाही. आता होणेही कठीण, कारण इतका पुरावा समोर असताना अर्ध्या मुलांना औषधाविना ठेवायला कोणती नीतिसमिती परवानगी देईल?

हात आठ वर्षे टिकणे म्हणजे काय, हे आकड्यात कळत नाही. घास स्वतः तोंडापर्यंत नेणे. नाकावर बसलेली माशी हाकलणे. दहावीचा पेपर स्वतःच्या अक्षरात लिहिणे. मोबाइल हाताळणे, आणि मिळाली तर विजेवरच्या खुर्चीचा दांडा फिरवणे. अंगाला खाज सुटली तर रात्री आईला उठवावे लागू नये. चालणे गेल्यावर मुलाचे सगळे स्वातंत्र्य दोन्ही हातांत येऊन बसलेले असते.

दुसरी गोष्ट कण्याची. मुलगा खुर्चीत बसला की पाठीचे दुबळे स्नायू कणा सरळ धरू शकत नाहीत. तो एका बाजूला वाकतो, फासळ्या दबतात, आणि आधीच कमी पडणारा श्वास आणखी कमी होतो. मग लोखंडी सळ्या बसवण्याची मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १४३ मुलांची तुलना होती. स्टिरॉइड न घेतलेल्यांपैकी ९१ टक्के मुलांचा कणा वाकलेला होता, दीर्घकाळ घेतलेल्यांपैकी ३१ टक्के मुलांचा.

त्याच अभ्यासात नाण्याची दुसरी बाजूही आहे. स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी ३२ टक्के मुलांचे मणके चेपलेले आढळले, न घेतलेल्यांत एकाचेही नाही. हातापायांची लांब हाडे मोडण्याचे प्रमाणही औषध घेणाऱ्यांत अडीच पटींहून अधिक होते. म्हणून ‘गोळी चालू ठेवा’ एवढेच सांगून सुटका नाही. चालणे बंद झालेल्या मुलाच्या हाडांवर भार पडत नसल्याने ती आधीच ठिसूळ असतात, त्यात स्टिरॉइड भर घालते. पाठ दुखते असे मुलगा म्हणाला तर ‘दिवसभर बसून दुखणारच’ असे म्हणून सोडून देऊ नये. मणका चेपल्याची ती पहिली खूण असू शकते, आणि कित्येकदा मणका न दुखताही चेपतो. त्यासाठी वर्ष-दोन वर्षांतून कण्याचा बाजूने काढलेला एक्स-रे पुरतो. तो तालुक्याच्या ठिकाणी निघतो. ड जीवनसत्त्वाची पातळी वर्षातून एकदा पाहावी. द्राक्षबागांवर बारा महिने ऊन असले तरी घरात बसलेल्या मुलाच्या वाट्याला ते येत नाही. मणका चेपलेला आढळला तर हाडे बळकट करणारी झोलेड्रोनिक आम्लासारखी औषधे शिरेतून देता येतात.

वजनाचा प्रश्न परदेशी शोधनिबंधांत दुष्परिणामांच्या तक्त्यात एका ओळीत येतो. इथे तो घराचा मुख्य प्रश्न आहे. तिकडे माणूस उचलायला छताला लावलेला यांत्रिक पाळणा असतो. इथे आई असते. साठ किलोचा मुलगा दिवसातून दहा वेळा खाटेवरून खुर्चीवर, खुर्चीवरून संडासात नेणाऱ्या बाईची कंबर जाते तेव्हा मुलाचे बाहेर पडणे थांबते, अंघोळ दिवसाआड होते, आणि गोळीवर राग निघतो. या रागाला वैद्यकीय उत्तर द्यायला हवे, उपदेश नव्हे. ते उत्तर म्हणजे मात्रा. चालणाऱ्या मुलाला प्रेडनिसोलोन किलोमागे रोज ०.७५ मिलिग्रॅम किंवा डेफ्लाझाकॉर्ट ०.९ मिलिग्रॅम दिले जाते. खुर्चीवरच्या मुलाला प्रेडनिसोलोन किलोमागे ०.३ ते ०.६ मिलिग्रॅमपर्यंत खाली आणता येते, आणि त्यातही फायद्याचा बराच भाग टिकतो असा अनुभव आहे. वजन फारच वाढत असेल तर डेफ्लाझाकॉर्टने ते तुलनेने कमी वाढते, पण उंची जास्त खुंटते आणि मोतीबिंदूचा धोका वाढतो. हा व्यवहार आहे आणि तो घरच्यांशी बोलून करायचा असतो. वयात येणे लांबले तर त्यावरही उपचार आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला मिसरूड फुटत नाही याचे दुःख त्याला चालता न येण्याइतकेच असू शकते, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

मात्रा कमी करणे वेगळे आणि गोळी एका दिवसात बंद करणे वेगळे. महिनोन्‌महिने बाहेरून स्टिरॉइड मिळाल्यावर मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी आपले नैसर्गिक स्टिरॉइड बनवणे जवळपास थांबवतात. गोळी अचानक सुटली, किंवा उलट्या-जुलाबांत दिवसभर पोटात टिकली नाही, तर रक्तदाब कोसळतो, साखर उतरते, मुलगा गुंगीत जातो आणि दगावूही शकतो. आजी-आजोबा ‘बंद करा ती गोळी’ म्हणतात तेव्हा हा धोका त्यांना कुणी सांगितलेला नसतो. बंद करायचीच असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दर दोन आठवड्यांनी साधारण पाचवा ते चौथा हिस्सा कमी करत, शेवटच्या टप्प्यात आणखी सावकाश उतरावे लागते. उलट्या होत असतील तर हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन लागते, आणि ते साध्या रुग्णालयातही मिळते. प्रश्न असतो तो रात्री दोन वाजता ड्यूटीवर असलेल्या तरुण डॉक्टरला हे सुचण्याचा. म्हणून मुलाजवळ एक कार्ड हवे: आजाराचे नाव, रोजचे स्टिरॉइड आणि मात्रा, उलटी-ताप-अपघात-शस्त्रक्रियेत जास्तीचे स्टिरॉइड द्यावे ही सूचना. त्याच कार्डावर आणखी दोन ओळी. भूल देताना सक्सिनिलकोलीन वापरू नये, आणि भुलीचे वायूही टाळावेत. खुर्चीवरून पडल्यावर किंवा मांडीचे हाड मोडल्यावर काही तासांत धाप लागली किंवा मुलगा बरळू लागला तर हाडातली चरबी रक्तातून फुप्फुसात गेल्याचा संशय घ्यावा. पोस्टकार्डाएवढा कागद पुरेसा आहे.

आता बातमीकडे. या आजारावरची जनुकोपचाराची पहिली पद्धत, म्हणजे एकदाच शिरेतून द्यायचे औषध, अमेरिकेत जून २०२३ मध्ये लहान मुलांसाठी मंजूर झाली. किंमत सुमारे ३२ लाख डॉलर. जून २०२४ मध्ये ती चालू न शकणाऱ्या रुग्णांसाठीही खुली झाली, आणि इकडच्या घराघरांत आशा पोहोचली. समाजमाध्यमांवर देणगीची आवाहने फिरू लागली. २०२५ मध्ये हे औषध घेतलेले, चालू न शकणारे दोन किशोरवयीन मुलगे यकृत निकामी होऊन दगावले. उत्पादक कंपनीने जूनमध्ये अशा रुग्णांसाठीचा पुरवठा थांबवला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने यकृताच्या धोक्याचा ठळक इशारा छापायला लावला आणि वापर चालू शकणाऱ्या, चार वर्षांवरील रुग्णांपुरता मर्यादित केला. खुर्चीवरच्या मुलांसाठी ते दार सध्या बंद आहे. व्हॅमोरोलोन हे नवे, हाडांना आणि उंचीला कमी बाधणारे स्टिरॉइड २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. पण त्याची मुख्य चाचणीसुद्धा चार ते सात वर्षांच्या, चालणाऱ्या मुलांवरच होती.

या पोकळीत इथे एक धंदा वाढतो तो मूळपेशींच्या इंजेक्शनांचा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मान्य उपयोग सोडले तर मूळपेशींचा वापर केवळ मंजूर चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. तरी एकर-अर्धा एकर बाग विकून लाखो रुपये भरणारी कुटुंबे आहेत. त्या पैशात साधे स्टिरॉइड आयुष्यभर पुरते. प्रेडनिसोलोनची गोळी एक-दोन रुपयांची असते. जगात अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे स्वस्तात मिळणाऱ्या डेफ्लाझाकॉर्टची किंमत २०१७ मध्ये अमेरिकेत एका कंपनीने वर्षाला ८९ हजार डॉलर जाहीर केली होती, तेव्हा तिथे मोठा गदारोळ झाला. आपल्याकडे स्वस्त आहे म्हणून तिला किंमत नाही, असे काहीसे झाले आहे. स्टिरॉइड या शब्दालाच आपल्याकडे वास आहे. गुडघेदुखीच्या पुड्यांत ते चोरून घालणारे आहेत, तालमीत दंड फुगवणारे वेगळे स्टिरॉइड विकणारेही आहेत. या दोघांच्या बदनामीचा वाटा ज्याला औषध खरोखर लागते त्याच्या माथी येतो.

चौदा-पंधरा वर्षांचा, आधीच खुर्चीवर असलेला आणि स्टिरॉइड कधीच न घेतलेला मुलगा प्रथमच आला तर काय करावे? इथे पुरावा बराच विरळ आहे. हातांत अजून बळ असेल, कणा फार वाकलेला नसेल, वजन आटोक्यात असेल, तर कमी मात्रेत सुरू करून सहा महिने-वर्षभर काय होते ते पाहता येते. हात जवळपास निकामी झाले असतील, मणके आधीच चेपलेले असतील किंवा साखर वाढलेली असेल, तर नव्याने सुरू करण्यात नुकसानच जास्त. आणि सुरू करण्याआधी आपल्या देशात छातीचा एक्स-रे काढून क्षयरोग नाही ना, हे पाहिलेच पाहिजे. कांजिण्यांची लस राहिली असेल तर तीही आधी. जिवंत जंतूंच्या लसी मोठ्या मात्रेच्या स्टिरॉइडवर देता येत नाहीत.

स्टिरॉइड एकटे पुरत नाही. हृदयासाठीची एसीई गटातली गोळी दहाव्या वर्षापर्यंत सुरू करावी असे मार्गदर्शिका सांगते. फ्रान्समधील ५७ मुलांच्या अभ्यासात पेरिंडोप्रिल लवकर सुरू केलेल्यांपैकी ९२.९ टक्के मुले दहा वर्षांनी हयात होती, उशिरा सुरू केलेल्यांपैकी ६५.५ टक्के. तीही स्वस्त गोळी. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील नोंदींनुसार १९६० च्या दशकात या मुलांचे मृत्यूचे सरासरी वय १४.४ वर्षे होते. १९९० नंतर रात्री श्वासाच्या यंत्राची मदत मिळालेल्यांचे ते २५.३ झाले. निफाडचा पारा दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत बातमी होतो. ज्याला जोरात खोकता येत नाही अशा मुलाला त्या दिवसांत साधी सर्दी न्यूमोनियापर्यंत नेते. फ्लूची आणि न्यूमोकॉकसची लस, आणि अँब्यू बॅगने छातीत हवा भरून खोकला काढण्याची पद्धत घरच्यांना शिकवणे, या गोष्टी कोणत्याही सरकारी रुग्णालयात होऊ शकतात.

सरकारी धोरण मात्र दुसऱ्या टोकाकडे पाहते. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात ड्यूशेनचा समावेश अतिमहाग उपचारांच्या गटात आहे. ५० लाखांपर्यंतच्या मदतीसाठी मुंबईच्या केईएमसारख्या उत्कृष्टता केंद्रात जावे लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, प्रमाणपत्र मिळते. पण महिन्याची गोळी, वर्षाचा एक्स-रे, हृदयाची सोनोग्राफी, मात्रेचा फेरविचार हे सलगपणे कुणी करायचे, हे कुठेच लिहिलेले नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत जातात. वारंवार पडणारा पहिलीतला मुलगा त्यांना सापडू शकतो, आणि सापडतोही. पाचवी-सहावीत चालणे थांबले की शाळा सुटते, आणि शाळा सुटली की तो पथकाच्या यादीतून निघतो. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर कार्यक्रमच संपतो. ज्या मुलांना बालरोगतज्ज्ञ ओळखत होते ती आता पंचविशीपर्यंत जगू लागली आहेत, आणि मोठ्यांच्या बाह्यरुग्ण विभागात त्यांचा केसपेपर कोणत्या खिडकीवर काढायचा हे अजून ठरायचे आहे. आशा कार्यकर्तीला मात्र अशी प्रत्येक खाट कोणत्या मळ्यात आहे ते ठाऊक असते. तिच्या वहीत त्यासाठी रकाना नाही.